हरित इमारतीची गुणपत्रिका: एक परीक्षण

पत्रिकेवर विषय 'हरित इमारतींचं मूल्यांकन' असा छापलाय. ऐकायला जड वाटतो, म्हणून मी तो जरा हलका करून घेतो. आपण पुस्तकाचं परीक्षण करतो, नाटकाचं करतो. आज मला एका गुणपत्रिकेचं परीक्षण करायचंय. शाळेतल्या मुलाची नव्हे, इमारतीची गुणपत्रिका. परीक्षण करायचं तर आधी ती वाचायला हवी, आणि अडचण तिथेच आहे. लॉबीत लावलेली काचेची गोल तबकडी रोज शेकडो लोक बघतात, 'गोल्ड' किंवा 'प्लॅटिनम' एवढं वाचतात आणि लिफ्टचं बटण दाबतात. त्यामागची गुणपत्रिका मागून घेऊन वाचणारं मला अजून फारसं कुणी भेटलेलं नाही. मी काही वर्षं अशा फायली भरायचं काम केलंय. त्यामुळे आज जे बोलेन त्यातला थोडा दोष माझ्याही पदरात येतो, तो घेऊनच बोलतो.

इतिहास दोन मिनिटांत उरकू. इमारतींना गुण देण्याची पहिली मोठी पद्धत ब्रिटनमध्ये 1990 साली आली, 'ब्रीम' नावाची. अमेरिकेत 1993 मध्ये यूएस ग्रीन बिल्डिंग कौन्सिल स्थापन झाली आणि तिनं 1998 मध्ये 'लीड' ही पद्धत प्रायोगिक स्वरूपात आणली. आपल्याकडे 2001 मध्ये सीआयआयच्या पुढाकारानं इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल सुरू झाली, तिला आपण सगळे आयजीबीसी म्हणतो. हैदराबादचं सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटर तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. मध्ये अंगण, जाळीच्या भिंती, वारा आत घेणारे मनोरे, छपरावर बाग. या इमारतीला लीडचं प्लॅटिनम मिळालं, अमेरिकेबाहेरचं पहिलं. 2004 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी तिचं उद्घाटन केलं. नंतर टेरी आणि केंद्राचं नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी 'ग्रिहा' ही तारे देणारी देशी पद्धत आणली; 2007 पासून ती राष्ट्रीय पद्धत म्हणून मानली जाते. इतिहास इथे थांबवतो.

आता गुणपत्रिका. उदाहरणाला लीडची चौथी आवृत्ती घेतो, नव्या बांधकामासाठीची, कारण तिचं कोष्टक सगळ्यांना खुलं आहे. एकूण गुण 110. चाळीसला नुसतं प्रमाणपत्र, पन्नासला सिल्व्हर, साठला गोल्ड, ऐंशीला प्लॅटिनम. ऊर्जा आणि वातावरण या विभागाला 33 गुण आहेत, हा सर्वांत मोठा विभाग. जागा आणि वाहतुकीला 16, पाण्याला 11, साहित्याला 13, आतल्या हवेला आणि उजेडाला 16. बाकीचे किरकोळ विभागले आहेत. विभागणी वाचताना वाटतं, ठीक आहे, शहाणपणाची आहे. प्रश्न सुरू होतात ते एकेक गुण कशाबद्दल मिळतो हे बघायला लागल्यावर.

सायकली ठेवायला जागा आणि सायकलवाल्यांसाठी अंघोळीची सोय केली तर 1 गुण. प्रकल्पाच्या चमूत लीडची परीक्षा पास झालेला एक माणूस असला तर 1 गुण. आणि इमारतीची ऊर्जाबचत 6 टक्क्यांवरून 8 टक्क्यांवर नेली, तर तोही 1 गुण.

या तीन ओळी मला महत्त्वाच्या वाटतात. तिसरी ओळ म्हणजे काय? एखाद्या मोठ्या ऑफिसात दोन टक्के वीज वाचवायची तर काचेचा दर्जा बदलावा लागेल, किंवा चिलर चांगला घ्यावा लागेल, किंवा भिंतीत उष्णतारोधक थर घालावा लागेल. त्याला पैसे लागतात, आर्किटेक्टशी आणि एसीवाल्याशी भांडावं लागतं. आणि ती वाचलेली वीज पुढची तीस-चाळीस वर्षं दर महिन्याला वाचत राहते. दुसरीकडे एका माणसानं एक परीक्षा दिलेली आहे. दोघांचं वजन सारखं. बेरीज करताना एक आणि एक दोन होतात, आणि कशाचा एक होता हे पुसलं जातं. मी ज्या बैठकांना बसलो आहे त्यात पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असायचा: 'स्वस्तात कुठले गुण मिळतात, ते आधी काढा.' विचारणारा माणूस लबाड नसतो. तो कोष्टकाला दिलेलं सरळ उत्तर शोधत असतो. परीक्षेचा पेपरच असा काढला असेल, तर मुलं पाच मार्कांचे सोपे प्रश्न आधी सोडवणारच.

एक गणित तुम्हीही करून बघा. ऊर्जेची कामगिरी सुधारण्याबद्दल चौथ्या आवृत्तीत जास्तीत जास्त 18 गुण आहेत. ते अठराच्या अठरा सोडून दिले तर उरतात 92. प्लॅटिनमला लागतात 80. म्हणजे किमान सक्तीची अट पाळून, बचतीचा एकही गुण न घेता प्लॅटिनम मिळणं कागदावर शक्य होतं. प्रत्यक्षात असं कुणी करत नाही, कारण बाकीचे सगळे गुण मिळवणं ऊर्जा वाचवण्यापेक्षा अवघड जाईल. पण कोष्टकानं दरवाजा उघडा ठेवला होता, हे खरं. 2025 मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत प्लॅटिनमसाठी ऊर्जा आणि कार्बनच्या काही अटी सक्तीच्या केल्या आहेत. टीकाकारांचं काहीच ऐकलं जात नाही असं नाही. पंचवीसेक वर्षं लागतात एवढंच. (हशा)

आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाची 'एज' नावाची पद्धत याबाबतीत वेगळी आहे. तिथे ऊर्जा, पाणी आणि बांधकामाचं साहित्य, या तिन्हींत प्रत्येकी किमान 20 टक्के बचत दाखवावी लागते. एकात जास्त केलं म्हणून दुसऱ्यात सूट नाही. गणितात 70 आणि विज्ञानात 12 मिळाले तर सरासरी काढून पास करत नाहीत, तसं. पद्धत जरा रूक्ष आहे, झाडं-पक्षी-सायकली यांना तिथे जागा नाही, पण निदान बेरजेत काही लपत नाही.

साहित्याच्या विभागावर मी आज फार बोलणार नाही. फ्लाय अॅशच्या विटा, पुनर्वापर केलेलं पोलाद, जवळच्या भागातून आणलेला दगड, यांची टक्केवारी बिलांवरून काढतात. बिलं खरी असतील तर आकडाही खरा असतो. ग्रिहाची एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. तिच्यात बांधकामावरच्या मजुरांसाठी प्यायचं पाणी, शौचालय, सुरक्षा यांची अट आहे. जी माणसं इमारत बांधतात त्यांचा विचार इमारतीच्या गुणपत्रिकेत असावा, ही देशी बुद्धी आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, तो आहे बचत. बचत म्हणजे कशाच्या तुलनेत बचत? हा प्रश्न विचारला की गुणपत्रिका उकलायला लागते. तुमची इमारत शेजारच्या इमारतीशी ताडून बघत नाहीत. संगणकात तुमच्याच इमारतीचा एक जुळा भाऊ तयार करतात. तोच आकार, तेवढेच मजले, त्याच गावातलं हवामान, तेवढीच माणसं. फक्त त्याच्या भिंती, काचा, दिवे, एसी हे सगळं नियमाप्रमाणे किमान दर्जाचं. याला बेसलाइन म्हणतात. मग या काल्पनिक भावाचं वर्षाचं वीजबिल काढतात, तुमच्या इमारतीचं काढतात, आणि फरक किती टक्के ते बघतात. लीडच्या चौथ्या आवृत्तीत हा फरक मोजतात तो युनिटमध्ये नाही, बिलाच्या रकमेत. आणि दोन्ही बिलं संगणकातली. इमारत अजून उभीही राहिलेली नसते, किंवा नुकती उभी राहिलेली असते; तिच्या मीटरचं एकही रीडिंग या हिशोबात नसतं.

म्हणजे भाऊ जितका उधळ्या, तितके तुम्ही काटकसरी दिसता. साहजिकच सगळा खेळ त्या भावाचे नियम कसे लिहिलेत यावर येतो. हे नियम अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या 'अॅश्रे' या संस्थेच्या 90.1 मानकाच्या परिशिष्टात आहेत. 2009 च्या लीडसाठी त्या मानकाची 2007 ची आवृत्ती वापरत. तिच्यातला एक नियम सांगतो. बेसलाइन इमारतीला काच किती? तुमच्या इमारतीला असेल तेवढीच, जास्तीत जास्त भिंतीच्या 40 टक्के. आता समजा तुम्ही शहाणपणानं ठरवलंत, नागपूरचं ऊन आहे, खिडक्या भिंतीच्या 20 टक्केच ठेवू. लगेच तुमच्या काल्पनिक भावालाही 20 टक्केच काच. तुम्ही ऊन बाहेर ठेवलंत, त्यानंही ठेवलं. फरक शून्य, गुणही शून्य. पुढच्या आवृत्त्यांत हे बदललं, इमारतीच्या प्रकाराप्रमाणे काचेचं प्रमाण ठरवून दिलं. पण काचेचे मनोरे ज्या काळात आपल्या शहरांत भराभर उभे राहिले, त्या काळातल्या अनेक गुणपत्रिका या जुन्या नियमाच्या हिशोबानं लिहिलेल्या आहेत.

दुसरा नियम याहून मजेशीर आहे. समजा इमारतीत एसी नाहीच. जाड भिंती, चौक, ओटा, उंच छत, समोरासमोर खिडक्या. पुण्यातला वाडा डोळ्यांपुढे आणा. हा वाडा या परीक्षेला बसवला तर? नियम म्हणतो, थंड करणारी यंत्रणा नसेल तर बेसलाइनमध्ये जी यंत्रणा धरली आहे तीच तुमच्याही इमारतीत आहे असं समजा. म्हणजे वाड्याला संगणकात एसी बसवायचा, त्याच्या जुळ्या भावालाही तोच एसी बसवायचा, आणि मग दोघांची तुलना करायची! वाड्यानं एसीची गरजच पडू दिली नाही, ही त्याची सगळ्यांत मोठी कमाई; तिला सरळ मार्गानं गुण नाहीत. खास अर्ज करून, वेगळा हिशोब जोडून थोडे मिळवता येतात, पण तो आडमार्ग. याचं कारण वाईट हेतू नाही. ज्या देशात हे नियम लिहिले तिथे मोठी ऑफिसं एसीशिवाय असू शकतात हे गृहीतच धरलेलं नव्हतं.

आपल्याकडे यावर काम झालंय, ते सांगितलं पाहिजे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी भारतीय माणसाला किती तापमान सोसवतं, किती सुखाचं वाटतं याचा अभ्यास करून एक भारतीय प्रारूप तयार केलं. 2016 च्या राष्ट्रीय इमारत संहितेत ते घेतलं गेलं. त्याचा साधा अर्थ असा की बाहेर उन्हाळा असताना, पंखा चालू असताना, आत तापमान थोडं जास्त असलं तरी आपण नीट काम करतो. बारमाही 22 अंश कुणी मागितलेले नाहीत. हे मान्य केलं की वाड्यालाही परीक्षेला बसता येतं.

आता तुम्ही म्हणाल, संगणकातलं असेना का, शेवटी या इमारती खरंच वीज वाचवतात की नाही ते सांगा. रास्त प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर गुंतागुंतीचं आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतले न्यूशॅम आणि त्यांचे सहकारी यांनी 2009 मध्ये शंभर लीड इमारतींचे मोजलेले आकडे पुन्हा तपासले. सरासरीनं त्या इमारती क्षेत्रफळाच्या मानानं 18 ते 39 टक्के कमी ऊर्जा वापरत होत्या. ही लीडच्या बाजूची गोष्ट झाली. पण त्याच अभ्यासात असं निघालं की 28 ते 35 टक्के इमारती त्यांच्या जोडीच्या साध्या इमारतींपेक्षा जास्त ऊर्जा खात होत्या. आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती तिसरी गोष्ट: ऊर्जेसाठी मिळालेले गुण आणि मोजलेला वापर यांचा एकमेकांशी फारसा संबंध दिसला नाही. ओबर्लिन कॉलेजचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक जॉन स्कोफिल्ड यांनी सरासरी काढण्याच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला. त्यांच्या मते वीजकेंद्रात जळणाऱ्या इंधनापासून हिशोब धरला तर बचत उरतच नाही. दोघांत वाद आहे. पण तिसरा मुद्दा घ्या. परीक्षेतले गुण आणि मुलाची हुशारी यांचा संबंध नसेल, तर आपण मुलाला बोल लावत नाही, पेपर काढणाऱ्याला विचारतो.

न्यूयॉर्कमधलं एक उदाहरण गाजलं होतं. मॅनहॅटनमधला बँक ऑफ अमेरिका टॉवर, लीड प्लॅटिनम. 2013 मध्ये 'न्यू रिपब्लिक' या नियतकालिकानं दाखवून दिलं की हा टॉवर दर चौरस फुटाला एम्पायर स्टेट बिल्डिंगच्या दुपटीहून जास्त ऊर्जा वापरतो. एम्पायर स्टेट 1931 ची! यात आर्किटेक्टचा दोष काढणं सोपं आहे आणि चुकीचंही आहे. टॉवरमध्ये शेअर दलालीचे मजले आहेत. प्रत्येक टेबलावर अनेक पडदे, दिवसरात्र चालू संगणक, त्यांची उष्णता काढायला पुन्हा एसी. इमारत चांगलीच असेल. तिच्यात जे चाललंय ते गुणपत्रिकेच्या बाहेर राहिलं. मला यातला दुसराच भाग जास्त मोलाचा वाटतो: हे कळलं कसं? न्यूयॉर्क शहरानं 2009 मध्ये एक कायदा केला होता, मोठ्या इमारतींनी दरवर्षी आपला ऊर्जा आणि पाणी वापर शहराला कळवायचा आणि तो जाहीर करायचा. तबकडी देणाऱ्यांनी ही माहिती दिली नव्हती. ती महापालिकेच्या कायद्यामुळे बाहेर आली.

दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं आपल्या इथल्या मानांकित इमारतींबद्दल हाच आक्षेप घेतला होता: मानांकन मिळाल्यावर त्या प्रत्यक्षात किती वीज आणि पाणी वापरतात ते लोकांपुढे ठेवा. गंमत अशी की मोजून गुण देणारी एक सरकारी पद्धत आपल्याकडे 2009 पासून आहेच. ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजे फ्रिजवर तारे चिकटवणारी तीच बीईई, ऑफिसच्या इमारतींनाही तारे देते. पद्धत शाळकरी मुलाला समजेल अशी. वर्षभराची युनिटं भागिले क्षेत्रफळ, पार्किंग सोडून. समजा मुंबईत पाच हजार चौरस मीटरचं ऑफिस आहे, निम्म्याहून जास्त भागात एसी आहे, आणि वर्षाला सहा लाख युनिटं लागतात. दर चौरस मीटरला 120 युनिट. उष्ण-दमट हवामानाच्या कोष्टकात शंभरच्या खाली पाच तारे, शंभर ते सव्वाशेमध्ये चार. म्हणजे चार तारे. भाऊ नाही, संगणक नाही, बिलं आणा आणि तारे घ्या.

ही पद्धतही निर्दोष नाही. अर्धी इमारत रिकामी असेल तर भागाकार झकास येतो. भाडेकरू मिळत नाहीत म्हणून पाच तारे! ऑस्ट्रेलियानं ही अडचण बऱ्यापैकी सोडवली आहे. तिथल्या 'नेबर्स' पद्धतीत बारा महिन्यांचे मीटरचे आकडे घेतात, पण इमारत किती तास चालते, किती भाग वापरात आहे, याची दुरुस्ती करून तारे देतात. आणि 2010 च्या कायद्यानुसार मोठी ऑफिसची जागा विकताना किंवा भाड्यानं देताना ते तारे जाहीर करावे लागतात. 2017 पासून एक हजार चौरस मीटरच्या वरच्या जागांनाही ते लागू झालं. भाडेकरू जाहिरातीत तारे बघतो, कमी असले तर भाडं घासून मागतो. मालकाला मग चिलर बदलायला कुणी उपदेश करावा लागत नाही.

आता घरी येऊ, कारण आपल्या खिशाचा प्रश्न इथे आहे. हे गुण नुसती शोभा असते तर मी तुमचा तास घेतला नसता. डिसेंबर 2020 मध्ये आलेली राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली बृहन्मुंबई आणि काही भाग वगळता जवळजवळ सगळ्या महाराष्ट्राला लागू आहे. तिच्यात हरित इमारतीला वाढीव एफएसआय मिळतो. ग्रिहाचे तीन तारे किंवा आयजीबीसी, लीडचं सिल्व्हर असेल तर मूळ एफएसआयच्या 3 टक्के, त्यावरच्या पायरीला 5 टक्के, पाच तारे किंवा प्लॅटिनमला 7 टक्के. चार हजार चौरस मीटरचा प्लॉट घ्या, मूळ एफएसआय 1.10. झाले 4400. त्याचे सात टक्के 308 चौरस मीटर, म्हणजे तेहतीसशे चौरस फुटांच्या आसपास. पुण्यात तीन-चार फ्लॅट झाले. आणि हे कशावर मिळतं, तर पूर्वप्रमाणपत्रावर. प्री-सर्टिफिकेशन. इमारत होण्याआधी, 'आम्ही असं असं करणार आहोत' या कागदावर. भोगवट्याच्या वेळी ठरलेली पायरी गाठली नाही तर दंडाची तरतूद आहे, ती चांगली आहे. पण भोगवट्यानंतर? सदनिका विकल्या गेल्या, सोसायटी झाली, बिल्डर पुढच्या प्रकल्पावर गेला. त्यानंतर इमारत हरित राहिली की नाही याची किंमत मोजायला कुणी उरत नाही. एफएसआय मात्र कायमचा बांधून झालेला असतो.

लक्षात घ्या, एफएसआय ही सार्वजनिक गोष्ट आहे. त्या जास्तीच्या तीन-चार फ्लॅटमधल्या माणसांना पाणी महापालिका देणार, रस्ता तोच, गटार तेच. शहर आपल्या सोयींचा एक तुकडा देऊन त्या बदल्यात कमी पाणी, कमी वीज, कमी कचरा विकत घेतंय. सौदा वाईट नाही. पण पैसे आधी मोजून माल मिळाला का ते न बघणारा गिऱ्हाईक तुम्ही मंडईत पाहिलाय का?

मी ज्या सोसायटीत राहतो तिला असं प्रमाणपत्र आहे. कुठलं आणि कुणाचं, ते सोडा. सांडपाणी शुद्ध करून फ्लशला वापरायचं, याचे गुण तिनं घेतलेले आहेत. केंद्र बांधलं होतं, खरंच चांगलं होतं. पहिली दोन वर्षं चाललं. मग एका विंगमध्ये फ्लशच्या पाण्याला वास यायला लागला. सभेत आरडाओरडा झाला. ब्लोअरचं वीजबिल, ऑपरेटरचा पगार, मेंब्रेन बदलायचा खर्च असे आकडे वाचून दाखवले गेले. शेवटी ठराव झाला: फ्लशची लाइन गोड्या पाण्याच्या टाकीला जोडा, केंद्र 'गरजेप्रमाणे' चालवा. गरज कुणालाच पडली नाही. त्या उन्हाळ्यात टँकर आले. मी त्या सभेत होतो, आणि विरोधात हात वर केला नाही, हेही सांगून टाकतो. माझ्याही घरात वास येत होता. तबकडी अजून लॉबीत आहे आणि दिवाळीत तिला माळ घालतात. सदस्यांना दोष देऊन काय होणार? ज्या वेळी गुण दिले गेले त्या वेळी केंद्र चालवायला महिन्याला काय खर्च येईल हे कुठल्याही रकान्यात नव्हतं, आणि ज्यांना ते चालवायचं होतं ती माणसं खोलीत नव्हती.

तपासणारं कोण, हाही प्रश्न आहे. ऊर्जेचं मॉडेल बनवणारा सल्लागार बिल्डरच्या पैशावर असतो. मीही होतो. लीडमध्ये सहसा कागदपत्रंच तपासतात, जागेवर कुणी येत नाही. ग्रिहाची माणसं जागेवर येतात, हे तिच्या बाजूनं आहे. लीडचं नव्या बांधकामाचं प्रमाणपत्र एकदा मिळालं की संपत नाही. शिवाय आवृत्ती तबकडीवर ठळक दिसत नाही. ग्रिहाच्या मूळ पद्धतीत एका ताऱ्याला 50 गुण लागत, 2015 च्या आवृत्तीपासून 25 लागतात. निकष बदलले, काही कडक झाले, त्यामुळे पन्नासचे पंचवीस केले म्हणून ढिलाई झाली असं मी म्हणणार नाही. पण लॉबीतून जाणाऱ्याला दोन्ही तारे एकच दिसतात.

माझी सूचना छोटी आहे. वाढीव एफएसआयचा काही भाग भोगवट्यानंतर दोन वर्षांनी, सामाईक मीटरची चोवीस महिन्यांची बिलं, टँकरची बिलं आणि सांडपाणी केंद्राच्या वीजमीटरचं रीडिंग बघून द्या. हातात देता येत नसेल, कारण मजले आधीच बांधलेले असतात, तर तेवढ्या रकमेची बँक गॅरंटी ठेवून घ्या आणि आकडे जुळल्यावर सोडा. रस्त्याच्या कंत्राटदाराकडून दोषदायित्वाच्या काळासाठी महापालिका अनामत ठेवून घेतेच की. आणि ते आकडे महापालिकेच्या संकेतस्थळावर इमारतीच्या नावासकट टाका. न्यूयॉर्कला जमलं ते आपल्याला जमणार नाही असं काही नाही. वीज कंपनीकडे मीटर क्रमांक आहेत, महापालिकेकडे मिळकत क्रमांक आहेत, दोन याद्या जोडायच्या आहेत.

प्रश्नांसाठी थोडा वेळ आहे. मागच्या ताईंनी चिठ्ठी पाठवलीय: 'फ्लॅट घ्यायचा आहे, बिल्डर गोल्ड रेटिंग सांगतो. नेमकं काय बघू?'

ताई, आधी 'प्री-सर्टिफाइड' आहे की अंतिम, ते विचारा. मग गुणपत्रिका मागा. तबकडीचा फोटो नको, ओळी असलेला कागद हवा. ऊर्जेचे आणि पाण्याचे गुण किती, बाकीचे कुठून आले, ते बोट ठेवून वाचा. त्याच बिल्डरची चार-पाच वर्षं जुनी इमारत कुठे आहे ते शोधा, आणि सेक्रेटरीला भेटण्याआधी तिथल्या प्लंबरला भेटा. सांडपाणी केंद्र रोज किती तास चालतं, फ्लशला कुठलं पाणी येतं, मे महिन्यात टँकर किती आले, हे त्याला तोंडपाठ असतं. गच्चीवरच्या सोलरच्या टाकीत पाणी गरम होतं का, तेही तोच सांगेल. आणि जमलं तर एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता पश्चिमेच्या बेडरूममध्ये जाऊन भिंतीला हात लावून बघा.